कोरियाहून काय आणलं बे? : ३४ माणसं, २३ किलो

(भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.)

आजचा भाग पुण्यातल्या खोलीतून नाही, गावाहून बोलतोय. मुकुटबन, तालुका झरी जामणी, जिल्हा यवतमाळ. मधेच घरघर ऐकू आली तर समजून घ्या, रस्त्यावरून कोळशाचे नाहीतर सिमेंटचे ट्रक चाललेत. दिवाळीला आलोय, दारं-खिडक्या बंद करून बसलोय, तरी तो आवाज काही थांबत नाही.

विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवला. मागच्या वर्षी, २०२४ मध्ये, मी कामासाठी तीन महिने दक्षिण कोरियात होतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर, सोलच्या खाली पांग्यो नावाचा भाग आहे तिथे. आता हे काही फार नवलाचं राहिलं नाही. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईनं घेतला, माणगावकडे पॉस्कोचं पोलाद आहे. आपली मराठी पोरं-पोरी ट्रेनिंगला, प्रोजेक्टला जाऊन येतात. आणि निघायच्या आठवड्यात सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, घरी काय न्यायचं?

माझ्या यादीत ३४ माणसं होती. हसू नका. ज्यांचं गाव तीन-चार हजारांच्या पुढचं नाही त्यांना कळेल. घरचे, काकाजी-मामाजी, त्यांची मुलं, शाळेचे गुरुजी, माझे पोट्टे म्हणजे मित्र, आणि आईसोबत शेतात निंदायला येणाऱ्या बाया. विमानात एक बॅग, २३ किलो. त्यात माझे कपडेही आले. आणि गावात वस्तू लपत नाही. एकाला काय दिलं ते संध्याकाळपर्यंत दुसऱ्याला माहीत होतं, त्यामुळे देताना जरा तोलूनच द्यावं लागतं. त्या यादीत एक नाव असं होतं की त्यावर मी दीड महिना अडून बसलो. त्यावर येतो.

आधी बाजाराचं सांगतो. सोलमध्ये गेलात की सगळे इन्साडोंगला पाठवतात. छान गल्ली आहे, पंखे, बाहुल्या, चाव्यांच्या साखळ्या, रेशमी पिशव्या. पण त्यातल्या कितीतरी वस्तू बाहेरून आलेल्या असतात. कोरियातच बनलेली वस्तू पाहिजे असेल तर एक शब्द शिका, ‘गुकसान’. म्हणजे देशी, तिथंच बनलेलं. मी तो ‘नुकसान’ला जोडून लक्षात ठेवला. जिथे गुकसान लिहिलेलं नाही तिथे आपलं नुकसान. दुकानदाराला वस्तू दाखवून ‘गुकसान?’ एवढं विचारलं तरी तो खरं ते सांगतो, असा माझा अनुभव.

मला जास्त उपयोगी पडला तो नामदेमुन बाजार. शहराच्या जुन्या दक्षिण दरवाज्याला लागून आहे, नावच त्या दरवाज्यावरून. वणीचा आठवडी बाजार पन्नासपट करून गल्ल्यांमध्ये कोंबला तर जे होईल ते. तिथे भांडी, चष्मे, मोजे, जिनसेंग, पोरांचे कपडे, सगळं, आणि घेणारे बरेचसे तिथलेच लोक. माझा सरळ हिशेब होता. जी वस्तू कोरियन बाई स्वतःच्या घरासाठी घेते ती बघायची. पर्यटकांसाठी मांडलेली वस्तू आपल्याकडे शोकेसमध्ये जाते, आणि आमच्याकडे किती घरांत शोकेस आहे?

आता होमी. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

होमी म्हणजे कोरियन खुरपं. लाकडी मूठ, त्यातून निघालेली लोखंडाची मान, मान वळून पुढे पान, आणि पानाचं टोक अणकुचीदार. बसून काम करायचं, हात स्वतःकडे ओढायचा. शेकडो वर्षांपासून तिथल्या बाया याच्यानं भाजीचा वाफा निंदतात. येओंगजू नावाच्या गावात एक लोहारशाळा आहे, तिथले लोहार सोक नो-गी यांनी पोरवयापासून हेच काम केलं. काही वर्षांपूर्वी त्यांची होमी अमेझॉनवर गेली आणि अमेरिकेतले बागकामवाले लोक तिच्यावर तुटून पडले. गावच्या लोहाराची वस्तू, आणि जगभर मागणी. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावातली भाता मारणारी जुनी भट्टी आठवली, ती आता बंद आहे.

मला नामदेमुनच्या एका हार्डवेअर दुकानात होमी सापडली. सहा हजार वॉन. तेव्हा हजार वॉनचे साधारण ६० रुपये धरायचे, म्हणजे पावणेचारशेच्या आत. दोन घेतल्या. एक आईला, एक त्या मावशींना ज्या निंदायला बाया गोळा करून आणतात. धारदार लोखंड, त्यामुळे केबिन बॅगेत चालत नाही, खालच्या बॅगेतच टाकावं लागतं. टोकाला जुना मोजा चढवला, वरून टॉवेल.

आईनं हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाली, “बाबू, हे त आपल्या विळ्याची बहीणच होय.” मावशींनी विचारलं, “याच्यानं उभं राहून निंदता येते काय?” मी म्हटलं, नाही मावशी, बसूनच. “मंग काय फरक?” हा प्रश्न एकदम बरोबर होता, आणि उत्तर द्यायला एक अख्खा पावसाळा गेला.

मागच्या दिवाळीत निंदण संपलेलं होतं, कापसाची वेचणी चालू होती. तेव्हा होमी घरामागच्या वाडीत गेली. वांगी, मेथी, सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर हां, पुणेकरांनी गोंधळून जाऊ नये. तिथे ती चांगली चालली. मग या पावसाळ्यात पऱ्हाटीत. मावशींचा निकाल असा : काळी माती ओली असली की होमीच्या वाकणात चिखल बसतो, दर चार हातांनी झटकावी लागते. बारीक तणाला आपला विळाच भारी, तो मातीला चपटा लागून सरकतो. पण लव्हाळा असेल, खाली गाठ धरून बसलेला, तर होमीचं टोक आत जाऊन गाठीसकट उपटते, तिथे विळा हरतो. आता त्या दोन्ही घेऊन जातात. मला यापेक्षा चांगला रिव्ह्यू आजवर कुठल्या वेबसाइटवर वाचायला मिळाला नाही.

कोरियन लोक एकमेकांना काय देतात हेही बघण्यासारखं आहे. चुसॉक हा त्यांचा मोठा सण, भाद्रपदी पौर्णिमेच्या आसपासचा, नव्या पिकाचा आणि पूर्वजांचा. २०२४ ला तो १७ सप्टेंबरला आला, म्हणजे आपली अनंत चतुर्दशी त्याच दिवशी. मी फोनवर विसर्जन बघत होतो आणि अख्खं सोल गावी निघालं होतं. त्याच्या आधी दोन आठवडे सुपरमार्केटमध्ये भेटींचे खोके रचलेले. आत काय? खायचं तेल. शाम्पू, टूथपेस्ट. आणि स्पॅम, म्हणजे डबाबंद मांस, सुंदर खोक्यात ओळीनं बसवलेलं. १९५० ते ५३ च्या युद्धानंतर मांस मिळणं मुश्कील होतं, अमेरिकन छावण्यांतून हे डबे बाहेर यायचे, तेव्हापासून त्याला मान. १९८७ पासून ते कोरियातच बनतं. नवीन घरात राहायला गेलेल्याकडे जाताना लोक टॉयलेट पेपर आणि कपड्यांची पावडर नेतात. कागद जसा सरसर उलगडतो तशी कामं उलगडावीत, फेस जसा वाढतो तशी बरकत यावी.

मला हे ऐकून संक्रांतीचं वाण आठवलं. आपल्या बाया काय लुटतात? गाळणी, डबे, कंगवे, साबणाच्या वड्या. रोजच्या लागणाऱ्या वस्तू. हे बघितल्यावर माझं मन मोकळं झालं, भारी काहीतरी दिलं पाहिजे हे ओझं उतरलं.

तर मग बाकीच्यांचं भराभर सांगतो.

आजीला अंग घासायचा हातमोजा. हिरवा, खरखरीत. कोरियात याला ‘इटली टॉवेल’ म्हणतात, पण बुसानमध्ये १९६० च्या दशकात निघालेली वस्तू आहे, कापड तेवढं आधी इटलीहून यायचं म्हणून ते नाव. हजार वॉन. आजी वजरीनं पाय घासणारी, तिला एका मिनिटात कळलं. अभ्यंगस्नानाच्या दिवशी उटण्यानंतर तिनं तो नातवंडांवर चालवला. पोरं ओरडत होती.

गुरुजींना पेन. मोनामी १५३. १९६३ मध्ये निघालेलं साधं पांढरं षटकोनी बॉलपेन, तेव्हा किंमत १५ वॉन. आपल्याकडे रेनॉल्ड्सच्या पांढऱ्या पेनाचं जे स्थान तेच त्याचं. अख्ख्या कोरियाच्या हातात हे पेन गेलंय. डझनाचा खोका घेतला, जिल्हा परिषदेच्या शाळेत वाटला.

काकाजी-मामाजींना नेलकटर. हसलात ना? चोनानची थ्री सेव्हन नावाची कंपनी नेलकटरसाठी जगभर ओळखली जाते. तो कापताना जो ‘टक्’ आवाज येतो ना, त्यातच दर्जा कळतो. फक्त एक, आजीनं बजावलं, शनिवारी देऊ नको आणि तिन्हीसांजेला तर नकोच. म्हणून रविवारी सकाळी वाटले.

पोरांना मोजे. रस्त्यावर हजार वॉनला जोडी, वजन नाही, फुटत नाही, आणि शाळेच्या बुटात जातात. मित्रांनी सोजू मागितली होती. दोन लिटरची मर्यादा, ३६० मिलीची बाटली, म्हणजे पाच बाटल्या बसतात, पण काचेचं वजन बघता मी दोनच आणल्या. आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, त्यामुळे बाटलीकडे कौतुकानं बघायची सवय माझ्या मित्रांना तेव्हापासून आहे. चव बघून एक जण म्हणाला, “बे, हे त पाणी होय.”

चुलतबहीण बीटीएसवाली. तिचं सगळं सामान आजकाल भारतात ऑनलाइन मिळतं, तोंडाला लावायचे मास्क, सनस्क्रीन, सगळं. मग तिथून ओढून आणायचं कशाला? तिला मी नावाचा शिक्का कोरून आणला. दोजांग म्हणतात. तिथे कागदपत्रांवर सही ऐवजी शिक्का मारायची जुनी पद्धत आहे. हांगुल लिपी राजा सेजोंगनं १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये लोकांसाठी जाहीर केली. उच्चाराप्रमाणे लिहितात, त्यामुळे आपली नावं बसतात, पण थोडं इकडंतिकडं होतं. ‘व’ नाही, त्याचा ‘ब’ होतो. ‘ळ’ तर विसराच. बहिणीनं यूट्यूबवर हांगुल शिकून ठेवली होती, तिनं स्वतःच नावाचं स्पेलिंग पाठवलं, आणि कोरणाऱ्या आजोबांनी ते बघून मान डोलावली. ती तो शिक्का आता कॉलेजच्या प्रत्येक वहीवर मारते.

खाण्याचं मात्र सावकाश ऐका. घरी माळकरी माणूस असेल तर फारच सावकाश. आमची आजी माळकरी आहे. तिच्या हातात जिलेटीनची वस्तू जाणं म्हणजे काय, ते मला इथे समजावून सांगायची गरज नाही. कोरियन चॉकलेट, जेली, नूडल्स, साध्या बटाट्याच्या चिप्ससुद्धा, कशात गाय-डुकराचा अर्क निघेल सांगता येत नाही, आणि आपल्यासारखा हिरवा ठिपका तिकडे नाही. चोको पाय आणायचा विचार असेल तर सोडून द्या. भारतात मिळतो तो इकडच्या कारखान्यात शाकाहारी बनतो, आपल्या किराणा दुकानातलाच बरा.

पण एक सोय आहे. कोरियात पाकिटावर ॲलर्जीच्या पदार्थांची चौकट छापावीच लागते आणि त्यांच्या यादीत गाय, डुक्कर, कोंबडी, अंडं, दूध हे सगळं आहे. चौकटीत ‘हामयु’ म्हणजे ‘असलेलं’ असं लिहिलेलं असतं. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करायचं. तरी सावध, त्या यादीत सगळी मासळी येत नाही, आणि तिकडे मासळीचा अर्क मिठासारखा वापरतात. किमचीतही बहुधा तो असतोच. शिवाय किमची आंबत राहते, पिशवी फुगते. बॅगेत फुटली तर तुमचे कपडे पुढच्या पोळ्यापर्यंत वास मारतील.

मी आणलं ते याकग्वा. पीठ, तिळाचं तेल, मध, आलं. फुलाच्या साच्यात दाबून तळलेलं. बालुशाहीची दूरची मावसबहीण. पाकिटं बंद, टिकतात, आजीनं खाल्लं आणि “जरा तेलकट आहे” म्हणत दुसरं घेतलं. आणि गिम, भाजलेलं समुद्रशेवाळ, पातळ कागदासारखं. बाबा म्हणाले, हा त जळालेला पापड आहे. खरं सांगायचं तर आमच्या घरात ते कुणाला आवडलं नाही. पण वजन शून्य. लाल जिनसेंगचा मोह बाबांसाठी होता. सहा वर्षांचं मूळ वाफवून वाळवतात, तिकडे आई-वडिलांना देण्याची हीच वस्तू. पण बाबांच्या गोळ्या चालू आहेत, आणि जिनसेंगचं रक्त पातळ करणाऱ्या औषधांशी जमत नाही. वणीच्या डॉक्टरांना फोटो पाठवला, ते नको म्हणाले, विषय संपला. वयस्क माणसाला औषधी वस्तू नेताना एवढा एक फोन करा.

आता ते नाव.

आमच्या गल्लीत एक काका आहेत. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. रक्ताचं नातं नाही. मी बीटेकला लागलो तेव्हा बाबांच्या सातबाऱ्यावर आधीच पीककर्जाचा बोजा होता, शैक्षणिक कर्जाला बँक जामीनदार मागत होती, आणि जे जवळचे होते ते त्या आठवड्यात सगळे कामात होते. काका स्वतः होऊन बँकेत आले, सही केली, आणि परत येताना चहाचे पैसेही त्यांनीच दिले. त्यानंतर एकदाही त्यांनी तो विषय काढला नाही. पण मला माहीत होतं, मुलीच्या लग्नाच्या वेळी त्यांना स्वतःला कर्ज काढायचं होतं तेव्हा माझ्या जामिनाची नोंद मधे आली होती.

अशा माणसाला काय देता? महाग घड्याळ दिलं तर हिशेब चुकता केल्यासारखं वाटतं. नेलकटर दिला तर मलाच झोप येणार नाही.

काका गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला रोज बसतात. भजनं हातानं उतरवून ठेवतात, लांब हिशेबाच्या वह्यांमध्ये, आणि त्या वह्यांची पानं सुटलेली, कडा पिवळ्या. म्हणून हांजी. हांजी म्हणजे कोरियन हातकागद, तुतीच्या जातीच्या एका झाडाच्या आतल्या सालीचा. लगदा आडवा-उभा झुलवून धागे एकमेकांत गुंततात, त्यामुळे फाडायला गेलं तरी लवकर फाटत नाही. १९६६ मध्ये ग्योंगजूच्या बुलगुक्सा मंदिरातल्या दगडी स्तूपात ठशानं छापलेलं एक बौद्ध सूत्र सापडलं, आठव्या शतकातलं, ते याच जातीच्या कागदावर. बाराशे वर्षं. इन्साडोंगच्या आतल्या बोळात कागदाचीच दुकानं आहेत, तिथे दोऱ्यानं शिवलेली वही मिळाली. गुकसान. अठरा हजार वॉन. पेनाचं विचारून घ्या मात्र, शाई या कागदावर फुटते. बॉलपेन चालतं, मी मोनामीचे दोन सोबत ठेवले.

तिकडे मोठ्यांना वस्तू दोन्ही हातांनी देतात. मीही तशीच दिली, ते आपोआप झालं. काकांनी पान बोटांत धरून बघितलं आणि पहिला प्रश्न, “किती लागले?” आमच्याकडे हा प्रश्न उद्धट समजत नाहीत, खरं सांगायचं असतं. सांगितलं. त्यांनी मनात हिशेब केला, “म्हणजे अकराशे. बरं.” आणि वही देवळीत ठेवली.

वर्ष झालं, त्या वहीत एक भजन उतरलेलं नाही. “इतक्या चांगल्या कागदावर काय लिवू,” म्हणतात. या मे महिन्यात माझं कर्ज फिटलं. बँकेचं ‘नो ड्यूज’ पत्र आलं, त्याची एक प्रत मी त्यांना नेऊन दिली, कारण त्यांचं नाव त्यातून सुटलं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून पुन्हा लावून वाचलं. मग देवळीतली वही काढली, पत्राची घडी घातली आणि मधल्या पानात ठेवली. परवा गेलो तेव्हा वही तिथेच होती, आता त्यात निवृत्तिवेतनाचे कागद आणि मुलीच्या बाळाचा जन्मदाखलाही आहे.

शेवटचं, कामाचं. बियाणं आणू नका. मला दोन काकाजींनी कोरियन मिरचीचं बी मागितलं होतं. बियाणं, रोपं, ताजी मुळं यांना क्वारंटाइनचे नियम आहेत, परवाना आणि तिकडचं प्रमाणपत्र लागतं, खिशातून आणायची वस्तू नाही ती. सांगितलं तसं, रागावले, मग नेलकटरवर राजी झाले. दुकानात पासपोर्ट सोबत ठेवा, एका पावतीवर १५ हजार वॉनच्या वर खरेदी असेल तर कर परत मिळतो, २०२४ च्या आधी ही मर्यादा ३० हजार होती. इकडच्या कस्टमला मी आलो तेव्हा ५० हजार रुपयांपर्यंत सूट होती, तुम्ही निघताना ताजा आकडा बघा. आणि धातूचे लांब दांड्याचे चमचे नक्की घ्या. ते भात खायला असतात, पण आमच्या आईनं सेटमधला एक काढून लोणच्याच्या बरणीत घातला. बरणीच्या तळाशी पोचणारा चमचा वणीत कुठेच मिळत नव्हता म्हणे.

तुम्ही कुठून काय आणलं, आणि घरी ते कशासाठी वापरलं जातंय, मला आवाज रेकॉर्ड करून पाठवा. विशेषतः दुसऱ्याच कामाला लागलेल्या वस्तू. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो. चला, ट्रक पुन्हा सुरू झाले, इथे थांबतो.